धायटी आणि पैलवान

ही गोष्ट १९८६ सालची. दसऱ्याची सुट्टी संपून कॉलेज नुकतंच उघडलं होतं. मी इन्क्युबेटरमधून पहिली प्लेट काढली, खिडकीपाशी उजेडात धरली आणि ओरडले,

"सलमा! अगं सलमा, असशील तशी ये!"

सलमा मुजावर शेजारच्या वनस्पतिशास्त्र विभागात शिकवायची. मिरजेची पोरगी, माझ्याहून बरीच लहान. हातात खडू तसाच धरून ती धावत आली.

"काय झालं ताई? साप निघाला काय?"

"हे बघ."

तिनं बघितलं. मग माझ्या हातातून प्लेट घेतली आणि पुन्हा बघितलं. मग वर्गात मुलं बसलेली आहेत हे विसरून जोरात म्हणाली, "आईशप्पथ! पैलवान पडला!"

पैलवान म्हणजे आमचा जंतू. आमच्या सांगलीतल्याच एका मोठ्या दवाखान्याच्या जळीत वॉर्डातून मी तो आणला होता. तिथल्या बायांच्या जखमा चिघळायच्या त्या ह्याच्यामुळे. पेनिसिलिनपासून सुरुवात करून बाजारात मिळतील तेवढी औषधं त्याच्यावर घालून झाली होती. सगळ्यांना चीत करून हा आपला आखाड्यात उभाच. कुस्तीच्या गावात त्याला दुसरं नाव मिळणार तरी काय! सिस्टरनी पू भरलेली नळी माझ्या हातात देताना म्हटलं होतं, "ह्याला मारणारं काही सापडलं तर आधी आम्हाला कळवा बाई." मी हो म्हटलं होतं. तेव्हा काय, उत्साहच उत्साह होता.

ज्यांनी हे काम पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. चपट्या काचेच्या डबीत जेलीचा थर असतो, तीच प्लेट. जेलीवर जंतू सारवायचे, मध्ये बोटाच्या पेरापेक्षा लहान खड्डे पाडायचे आणि त्यात झाडपाल्याचा अर्क घालायचा. मग ती डबी इन्क्युबेटरमध्ये, म्हणजे अंगाइतकी ऊब असलेल्या कपाटात ठेवून द्यायची. दुसऱ्या दिवशी जेलीवर जंतूंची दुधट साय धरते. अर्कानं जंतू मारले असतील तर खड्ड्याभोवती साय धरत नाही, तिथे स्वच्छ गोल राहतो. मी वर्षभर असा एक गोल दिसावा म्हणून तळमळत होते. कडुनिंब झाला, अडुळसा झाला, दगडीपाला, निर्गुडी, करंज झाला. सलमा आंबा घाटातून पिशव्या भरभरून आणायची आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या खड्ड्यांभोवती पैलवानाची साय अगदी काठापर्यंत.

आणि आता धायटी! घाटात उन्हाळ्यात लाल फुलांनी पेटते ती. तिच्या सुकवलेल्या फुलांचा अर्क घातलेल्या खड्ड्याभोवती रुपयाएवढा गोल होता. आरपार. खालचा टेबलाचा सनमायका दिसत होता त्यातून. शेजारच्या खड्ड्यात नुसतं पाणी होतं, तिथे साय जशीच्या तशी.

"दामलेसरांना सांगा," सलमा म्हणाली. "आत्ताच्या आत्ता. मी चालले, वर्गात दंगा सुरू झालाय. पण माझ्याशिवाय पेढे खायचे नाहीत."

दामलेसर आमचे विभागप्रमुख. माणूस वाईट नव्हता, पण झाडपाल्याचं नाव काढलं की त्यांच्या कपाळाला आठी पडायची. "मगदूमबाई, आजीबाईचा बटवा घरी ठेवा," असं ते मुलांसमोर म्हणायचे. त्यांनी मला दिवाळीपर्यंतची मुदत दिली होती. तोवर काही निघालं नाही तर माझ्या प्रयोगांची छोटी खोली माझ्याकडून जाणार होती. कॉलेजात पहिला संगणक यायचा होता आणि त्याला थंड, बिनधुळीची खोली हवी होती. खोली गेली की काम गेलं. मी एक्केचाळीस वर्षांची होते. दोन मुलं मोठी केल्यावर पीएच.डी.ला नाव घातलं होतं. त्या वयात पुन्हा कोण खोली देणार होतं मला?

सरांनी प्लेट चष्म्याखालून पाहिली, चष्म्यातून पाहिली, शेवटी चष्मा काढून पाहिली.

"गोल आहे खरा," ते म्हणाले.

"आहे ना सर!"

"ओरडू नका, मला दिसतोय." आणि मग त्यांनाही राहवेना. "लोबोबाई पुढच्या आठवड्यात कोल्हापूरला येतायत. जाताना इथे उतरायला सांगतो. त्यांना दाखवू. त्या म्हणाल्या तर संगणक ठेवू कुठेतरी ग्रंथालयात."

डॉ. लोबो म्हणजे जंतुशास्त्रातली फार मोठी बाई. तोंडी परीक्षेत त्यांच्यासमोर बसलेली माणसं बाहेर येऊन पाणी मागायची.

त्या दिवशी मी घरी जवळजवळ पळतच गेले. सासूबाई ओसरीवर पाणी गाळत होत्या. आमचं घर जैनांचं. आमच्याकडे पाणी फडक्यानं गाळून घ्यायचं आणि फडक्यातले जीव पुन्हा विहिरीत सोडायचे, अशी त्यांची रीत. अशा घरातल्या सुनेनं जंतू मारायची नोकरी धरली होती.

"आई! मेला हो तो, पैलवान मेला!"

"कोण गं? कुठल्या तालमीतला?"

"आमचा जंतू!"

त्यांनी फडकं पिळायचं थांबवलं. "मेला म्हणून नाचतीस होय? आधी आंघोळ कर. आणि त्याच्या नावानं एक णमोकार म्हण."

मी खरंच म्हटला. इतकी खुशीत होते, की त्यांनी दहा म्हणायला लावले असते तरी म्हटले असते.

दुसऱ्या दिवशी मी तेच सगळं पुन्हा मांडलं. एकदा दिसलेल्या गोलाला कोणी विचारत नाही, तो पुन्हा दिसावा लागतो. तोच अर्क, तोच पैलवान, तीच जेली. आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी दार उघडलं तर सगळीकडे साय. काठोकाठ.

"काहीतरी विसरलात," सलमा म्हणाली.

"काही विसरले नाही."

"मग पुन्हा करा."

पुन्हा केलं. पुन्हा साय. सलमानं आणखी सुकी फुलं वाटून नवा अर्क काढून दिला, तोही गेला पाण्यात. लोबोबाई दोन दिवसांवर येऊन ठेपल्या. दामलेसर रोज दारात येऊन विचारायचे, "काय, मगदूमबाई? गोल?" आणि मी म्हणायचे, "बघते आहे, सर." ती पहिली प्लेट आता सुकून पापडासारखी झाली होती. लोबोबाईंच्या पुढे मी पापड ठेवणार होते?

सलमा इन्क्युबेटरसमोर उकिडवी बसली होती. दाराच्या रबरात बोट फिरवता फिरवता ती थांबली आणि नखानं काहीतरी उकरून काढलं.

"ताई, हे काय आहे?"

तिच्या तळहातावर एक सुकलेली, केशरी रंगाची पाकळी होती.

"वनस्पतिशास्त्र तुझं. तूच सांग."

"झेंडू," ती म्हणाली. "पण झेंडू इन्क्युबेटरात कशाला येईल?"

आम्ही एकमेकींकडे बघितलं आणि दोघी एकदमच दाराकडे वळलो. "गणपा!"

गणपा सुतार आमचा प्रयोगशाळेतला शिपाई. चाळिशी उलटलेला, मिशा पिळदार. सलमानं पाकळी पुढे धरली तसा तो भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायला लागला.

"गणपा, खंडेनवमीला इथे पूजा केलीस?"

"न्हाई बाई. सरांनी मागल्या साली बंद केली न्हवं पूजा. सूक्ष्मदर्शकाच्या भिंगाला हळद लागली म्हणून किती बोलले मला."

"मग हा झेंडू चालत आला का?"

गणपानं दाराबाहेर डोकावून पाहिलं.

"सरांना सांगणार न्हाई तर बोलतो."

"बोल."

"बाई, सुताराच्या पोटचा हाय मी. आमच्यात खंडेनवमीला हत्याराला हात लावत न्हाईत. करवत, पटाशी, रंधा, समदं धुऊन पाटावर मांडायचं. वरीसभर राबतंय, एक दिस इसावा नगो त्येला? आन् हे यंत्र तर रातंदिस जळतंय. आदल्या सांजेला तुमी गेलासा, तवा बंद केलं, धुतलं, पुसलं. सकाळी येऊन फूल वाह्यलं, कापूर लावला. बस्स."

कापूर! म्हणजे माझा गोल कापराचा होता. धायटीचं त्यात काहीच नव्हतं. मी मटकन स्टुलावर बसले. सलमा मात्र तशीच उभी होती.

"आणि ताईंच्या प्लेट कुठे होत्या तेव्हा?" तिनं विचारलं.

"त्या भाईर कशा ठेवू? मुंग्या लागत्याल. फ्रिजात ठेवल्या. फ्रिज न्हाई बंद केला म्या, त्यात बाईंचा माल असतो. दसऱ्याला सोनं वाटून झालं, मग यंत्र पुन्हा चालू केलं आन् प्लेटा आत लावल्या. होत्या तशाच. एक बी हलवली न्हाई."

"कापूर लावलास तेव्हा प्लेट फ्रिजमध्ये होत्या?" मी विचारलं.

"व्हय की."

"झाकणं उघडली होतीस?"

"देवाशप्पथ न्हाई."

मी उठले. पुन्हा बसले. पुन्हा उठले. कापराचा धूर प्लेटपर्यंत पोचलाच नव्हता. आणि पोचला असता तर पाण्याच्या खड्ड्याभोवतीसुद्धा पैलवान मेला असता. तिथे तर तो मजेत वाढला होता! मग वेगळं झालं काय? एकच गोष्ट वेगळी झाली होती. प्लेट आधी गारठल्या होत्या.

"सलमा, धायटीचा अर्क कसा आहे गं?"

"काकवीसारखा. चिकट."

"जेलीतून कसा सरकेल?"

"म्हातारीसारखा." आणि मग तिचे डोळे मोठे झाले. "ताई!"

"पैलवान उबेत किती झपाट्यानं वाढतो! हा अर्क खड्ड्याच्या काठावर पोचेपर्यंत त्यानं सगळा आखाडा धरलेला असतो. फ्रिजमध्ये पैलवान झोपला. अर्काला थंडी वाजत नाही. तो सरकत राहिला सावकाश. पैलवानाला जाग आली, बघतो तर काय, चहूकडे धायटी!"

"गणपा," सलमा म्हणाली, "तू यंत्राला विसावा दिलास आणि पैलवानाला झोपवलंस."

गणपाला त्यातलं काही कळलं नाही, पण आपण वाचलो एवढं त्याला कळलं. "मंग चहा आणू?"

"आण. आणि त्यात साखर घाल भरपूर."

आता वेळेचं गणित बसवायचं होतं. प्लेट आधी थंड करायच्या, मग उबेत ठेवायच्या, म्हणजे साय धरेपर्यंत लोबोबाईच दारात. आधी बघून घ्यायला सवड नव्हती. जे होईल ते त्यांच्यासमोरच होणार होतं. मी दोन जोड्या मांडल्या. एक नेहमीसारखी, थेट उबेत जाणारी. दुसरी आधी फ्रिजमधून. दोन्हींत तोच अर्क, तेच पाण्याचे खड्डे, आणि पैलवानाला हरवू न शकलेल्या औषधाचाही एक खड्डा. दामलेसरांना मी फक्त "तयारी आहे" एवढंच सांगितलं. खरं तर नव्हती. मला घास जात नव्हता. सासूबाईंनी विचारलं, "आता कोण मरायचंय?" मी म्हटलं, "बहुतेक मीच."

लोबोबाई आल्या. वसईच्या. बारीक काठाची सुती साडी, बॉबकट केलेले पांढरे केस, हातात काठी. खुर्ची पुढे केली तर म्हणाल्या, "बसायला नाही आले. प्लेट दाखवा."

दामलेसर कौतुकानं म्हणाले, "आमच्या मगदूमबाईंनी धायटीतून..."

"त्यांनाच बोलू द्या ना, दामले. तुम्ही काय वकील आहात त्यांचे?"

मी आधी थेट उबेतली जोडी काढली. काठोकाठ साय. दामलेसरांचा चेहरा उतरला. "मगदूमबाई, हे काय?"

"सर, थांबा. दुसरी."

इन्क्युबेटरच्या खालच्या फळीवरची प्लेट मी बाहेर काढली. वर धरायचं धाडस होईना म्हणून न बघता सरळ लोबोबाईंच्याच हातात दिली. त्या खिडकीपाशी गेल्या. काठी काखेत धरली आणि प्लेट तिरकी केली. दारात गणपा चहाचा ट्रे घेऊन उभा होता.

"कंट्रोल कुठला?" त्यांनी विचारलं.

"उजवीकडचा. नुसतं पाणी."

"आणि हा?"

"औषधाचा. त्याला तो जुमानत नाही."

"हं." मग त्या वळल्या, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा डॉ. लोबोंना हसताना पाहिलं. "हा मधला मोठा गोल कुणाचा?"

"धायटीचा!" मी आणि सलमा एकदम ओरडलो. कॉलेजात एवढ्या मोठ्यानं मी त्याआधी कधी बोलले नव्हते. दामलेसर पुढे आले, त्यांनी प्लेट घेतली, आणि "अरे वा, अरे वा, अरे वा" एवढंच म्हणत राहिले.

"दोन्ही जोड्यांत फरक काय केलात?" लोबोबाईंनी विचारलं.

"दुसरी आधी थंड ठेवली. अर्काला पसरायला वेळ मिळाला."

"छान. पण हे सुचलं कसं?"

आता आली पंचाईत. मी सलमाकडे बघितलं, सलमानं छताकडे. खरं सांगावं तर गणपाची धडगत नव्हती. खोटं सांगावं तर समोर लोबोबाई होत्या, त्यांनी दुसऱ्या प्रश्नाला पकडलं असतं. मी तोंड उघडणार तेवढ्यात ट्रे टेबलावर टेकवल्याचा आवाज झाला.

"म्या पूजा केली, सर," गणपा म्हणाला. "खंडेनवमीला. यंत्र बंद ठेवलं. तुमी नगो म्हणला होता, तरी केली. बाईंचा काय दोष न्हाई."

मग त्यानं सगळं सांगितलं. करवत, पटाशी, रंधा, झेंडू, कापूर, मुंग्या, फ्रिज. दामलेसर लाल होत गेले. लोबोबाई शेवटपर्यंत ऐकत होत्या. मग त्यांनी कपातला चहा एका दमात संपवला.

"मगदूमबाई, निबंधात काय लिहाल? 'यंत्रास एक दिवस विश्रांती दिली'?"

"जे झालं ते लिहीन, बाई. इतके तास थंड ठेवलं, असं."

"लिहा. झेंडू लिहू नका, छापणाऱ्यांना झेपायचा नाही." मग त्या गंभीर झाल्या. "आणि औषध सापडलं असं कुणाला सांगत सुटू नका. जेलीवर मरणारे पुष्कळ असतात. हा अर्क रक्तात टिकतो का, ते बघा. त्याला दोन वर्षं लागतील. दामले, ही खोली बाईंकडेच राहील ना?"

दामलेसर गणपाकडे बघत होते. मला वाटलं, आता कडाडणार.

"राहील," ते म्हणाले. "संगणकाला ग्रंथालयात जागा बघतो. आणि गणपा..."

"जी?"

"पुढच्या वर्षी मला विचारून यंत्र बंद कर. माझेही प्रयोग असतात आत."

लोबोबाईंची गाडी फाटकाबाहेर पडली तशी सलमानं मला कमरेला धरून गोल फिरवलं. मी साडीत पाय अडकून पडता पडता वाचले. व्हरांड्यातली पोरं टाळ्या वाजवत होती. कशासाठी ते त्यांना ठाऊकही नव्हतं.

लोबोबाई आणखी चार वर्षं जगल्या. माझ्या तोंडी परीक्षेला त्याच होत्या, आणि बाहेर आल्यावर मीही पाणी मागितलं. दामलेसर निवृत्तीनंतर पुण्याला लेकाकडे गेले. तिथे त्यांनी गच्चीवर औषधी झाडांच्या कुंड्या लावल्या आणि दर पत्रात मला त्यांची नावं चुकीची लिहून पाठवली. सलमा मिरजेतल्या एका कॉलेजची प्राचार्य झाली. परवाच फोन आला होता, गुडघे बदलून घेतलेत म्हणाली, आता पुन्हा घाट चढणार. गणपाचा थोरला मुलगा फर्निचरचं दुकान चालवतो. गणपा वारला त्याला बरीच वर्षं झाली. सासूबाई नव्वदीपर्यंत राहिल्या. शेवटच्या दुखण्यात मोठमोठी अँटिबायोटिक्स घ्यायची वेळ आली तेव्हा डॉक्टरांना म्हणाल्या, "आमच्या सुनेला विचारून द्या. तिला जंतूंचं फार कळतं." त्या मला असं कधी म्हणाल्या नव्हत्या.

धायटीचं औषध झालं नाही. लोबोबाईंच्या सांगण्याप्रमाणे आम्ही अर्कात रक्ताचं पाणी, म्हणजे सीरम, मिसळून बघितलं, आणि सगळा जोर ओसरला. रक्तातल्या पदार्थांनाच तो चिकटून बसायचा, पैलवानापर्यंत पोचायचाच नाही. पुन्हा केलं, तिसऱ्यांदा केलं, उत्तर तेच आलं. जळीत वॉर्डातल्या सिस्टरना मी स्वतः जाऊन सांगितलं. त्या म्हणाल्या, "पुढचं झाड कुठलं?"

त्या दिवशी मी वॉर्डातून कॉलेजात परत आले. खोली माझी होती, फ्रिज गुरगुरत होता, सलमा कोपऱ्यात पोत्यावर बसून शेंगा खात होती. "ऊठ," मी तिला म्हटलं. ती उठली. मी पोत्याची सुतळी कापली. आत हिरडा होता.